एक्केचाळिसावा अर्ज

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … अगं करुणा! नंबर नवीन घेतलास का? … हो, अनिताच. प्रवेश समितीच्या खोलीत आहे, म्हणून आवाज घुमतोय. बोल.

… झालं माझं जेवण. दीड वाजला की. तुझं? … अजून नाही? अगं, मग आधी डबा खाऊन घे, मी काय पळून जात नाही. … बरं. बरं, ऐकतेय.

… सायली? हो, आलीये ना. बाहेर बाकावर बसलीये. बारा वाजून दहा मिनिटांनी आली, रजिस्टरवर वेळ आहे. … निळा ड्रेस, दोन वेण्या. तीच ना तुझी? … तुझी म्हणजे तुझ्या वर्गातली गं. लगेच लागतं तुला.

… तिचा नंबर आम्हाला कुठून मिळाला? अगं, तूच तर पाठवलास. … आठव. जानेवारीत, आमच्या पोस्टर स्पर्धेच्या वेळी. ‘माझ्या वर्गातली सर्वांत हुशार मुलं’ असं वर लिहून तीन नावं, पुढं मोबाइल नंबर, त्याच्यापुढं टक्के. इतकी सुबक यादी कुणाचीच नव्हती. बाकीच्या कॉलेजांनी नुसती नावं पाठवली होती. … नाही, स्पर्धेत नंबर नाही आला तिघांचा. पण यादी मी जपून ठेवली.

… ‘चोरी’? करुणा, शब्द जरा बघून वापर. मुलं काय कुणाच्या दावणीला बांधलेली असतात का? जिथं चांगलं मिळेल तिथं जातात. तुमच्या लॅबमध्ये थेंब मोजायला चार ब्युरेट आहेत, त्यातली एक गळते. तूच सांगत होतीस. दौंडला फलाट जास्त आणि ब्युरेट कमी, असं म्हणाली होतीस. हसलो होतो आपण.

… नाही, चिडले नाही. मी कुठं चिडते? तू सांग काय झालंय ते. सावकाश सांग.

… हं. … हं. … एस.वाय.ला सतरा होते. दोघं गेल्या आठवड्यात आमच्याकडे आले. उरले पंधरा. … सायली धरून की सोडून? … धरून. म्हणजे ती गेली की चौदा. … आणि वर्ग चालू ठेवायला कमीत कमी पंधरा लागतात. … हो गं, कळतं मला. चौदा झाले की दौंडचा रसायनशास्त्राचा वर्ग बंद, आणि वर्ग बंद म्हणजे तुझ्या तासिका बंद. सोपं गणित आहे. एका थेंबानं रंग बदलतो, आपणच शिकवतो ना पोरांना.

… किती वर्षं झाली तुला तिथं, तासिका तत्त्वावर? … नऊ? बाप रे. दरवर्षी मुलाखत देऊन? … मला वाटलं पाच-सहा असतील.

… आणि पटसंख्या कधी कळवायचीये तुमच्या कॉलेजनं? … आज? आज पाचपर्यंत? … आणि तू मला फोन करतेस आज दीड वाजता.

… ‘आत्ता कळलं’ कसं? तिनं कॉलेज सोडल्याचा दाखला काढलाय. दाखला काढायला ‘नो ड्यूज’चा कागद लागतो. त्यावर प्रयोगशाळेच्या रकान्यात सही कुणाची आहे? थांब, फाइल समोरच आहे. … ही बघ. ठसठशीत. खाली दोन टिंबं देतेस ना तू, ती पण आहेत. सोमवारची तारीख. … गठ्ठ्यात होती? न वाचता केलीस? … करुणा, ब्युरेटचं रीडिंग कधी डोळे मिटून घेतलंस का तू? मग सही कशी काय केलीस?

… रडू नकोस. … रडत नाहीयेस? मग सर्दी झालीये का? … बरं, सांग. काय ठरवलंयस तू?

… एक मिनिट, एक मिनिट, परत सांग. तुमचे प्राचार्य काय म्हणाले? … दाखल्याची मूळ प्रत चारच्या आत त्यांच्या टेबलावर आली तर ते दाखला रद्द करतील. … आणि नाव पटावर परत येईल. … फोटो चालणार नाही का? … हो, बरोबर आहे त्यांचं. मूळ प्रतीवरच ‘रद्द’ लिहावं लागतं. … आणि चारलाच का? … चार वाजताच्या डेमू लोकलनं ते पुण्याला जाणार. … अच्छा. म्हणजे सायलीनं इथून सव्वादोनची दौंड एस.टी. पकडली तर पावणेचारला पोचते. … त्यानंतरची? साडेचारची. ती उपयोगाची नाही. … हो, आमच्या कॉलेजच्या फाटकावरूनच जाते ती गाडी. माझ्या खिडकीतून दिसते.

… एक चाळीस झालेत. पस्तीस मिनिटं आहेत की. घाबरतेस काय?

… हो, दाखला माझ्याकडेच आहे. आमचा नियम आहे, मूळ दाखला जमा केल्याशिवाय मुलाखत नाही. … अन्याय कसला त्यात? मुलं दहा ठिकाणी अर्ज करतात आणि शेवटच्या दिवशी पाठ फिरवतात. दाखला घेतला की मन थाऱ्यावर राहतं त्यांचं.

… ‘देऊन टाक’ असं कसं म्हणतेस? ती मागत नाहीये. तिला प्रवेश हवाय. वडील रेल्वेत ट्रॅकवर आहेत ना तिचे? अर्जात लिहिलंय. ‘मला संशोधन करायचे आहे’ असंही लिहिलंय, खाली रेघ मारून. … हो, तूच शिकवलं असशील रेघ मारायला.

… आम्हाला काय कमी आहे? अगं, मंजूर जागा साठ. एफ.वाय.ला साठच घेतले होते. त्यातले सात इंजिनिअरिंगला नि फार्मसीला पळाले. मग एस.वाय.ला त्रेपन्न. संस्थेला साठ हवेत, आमच्या अध्यक्षांनी, आप्पासाहेबांनी, आकडाच लिहून लावलाय माझ्या भिंतीवर. आता सहा भरले. एक जागा उरलीये. … हो, एकच. … आणि अर्ज एकूण एक्केचाळीस आले. हा एक्केचाळिसावा, तुझ्या सायलीचा.

… बाकीचे? बाकीचे नाकारले. … मग काय करायचं? नुसत्या जागा भरून भागत नाही करुणा, किती अर्जांतून भरल्या तेही दाखवावं लागतं. चौतीस जणांना नाही म्हटल्याशिवाय निवडक कॉलेज कसं म्हणवून घ्यायचं? माहितीपत्रकात छापावं लागतं ते.

… एक सेकंद हं. ज्ञानूमामा, चहा आणता का? दोन. … हो, दोन. … नाही गं, तुझ्याशी नाही. शिपाई आहेत आमचे, ज्ञानूमामा.

… हो, सव्वादोन. आहे माझ्या लक्षात. किती वेळा सांगशील?

… हे बघ, मी मदत करणार नाही असं म्हटलंय का? मी म्हणतेय, मला काहीतरी हातात दे. ही मुलगी मेरिटमध्ये दुसरी आहे. अठ्ठ्याऐंशी टक्के. हिला मी कुठल्या तोंडानं नाकारू? उद्या माहिती अधिकारात कुणी विचारलं, की अठ्ठ्याऐंशीवालीला का घेतलं नाही, तर काय सांगू? मैत्रिणीचा फोन आला होता?

… तसं नाही. मी नाकारलं तरच दाखला परत देता येतो. ती स्वतःहून माघार घेणार नाही, आणि मी तिला तसं सुचवणंही बरोबर नाही. म्हणजे नाकारायला हवं. म्हणजे कारण हवं. आणि ते लेखी हवं.

… मला काय माहीत कसलं कारण? मी तिला ओळखते का? तू वर्षभर शिकवलंयस तिला. तूच सांग, मुलगी कशी आहे?

… थांब, थांब. मला मेल उघडायचाय, दोन्ही हात लागतात. फोन टेबलावर ठेवते. … हां. येतोय का आवाज? मला तुझा छान येतोय.

ये गं, आत ये. बस. तिथं नको, ही टेबलाजवळची खुर्ची घे. … काही नाही करुणा, एक मुलगी आहे, सही घ्यायचीये तिची. … नाही गं, दुसरी कुणीतरी. नगरकडची. बस बाळ, दोन मिनिटं. काही बोलू नकोस, माझा फोन चाललाय. चहा घे.

… हां, बोल. तर सायली कशी आहे?

… ‘चांगली आहे’ म्हणून कसं चालेल? चांगली असेल तर घ्यावी लागेल मला. … विचार कर. एक चोपन्न झालेत. … प्रॅक्टिकलला कशी आहे? हात कसा आहे तिचा? … थरथरतो? कशानं? … परीक्षेच्या वेळी. हं. … म्हणजे टायट्रेशन जमत नाही असं म्हणू का? … ‘फारसं नाही.’ … एंड पॉइंट चुकवते? रंग बदलला तरी थेंब सोडत राहते? … नेहमी? … बरं, तू म्हणतेस तर नेहमी.

… मग प्रॅक्टिकलला पन्नासपैकी सत्तेचाळीस कसे? … तू दिलेस? … का? … अगं, मी कुणाला सांगत नाही. मला फक्त समजून घ्यायचंय. … पहाटे उठून घरचा स्वयंपाक करून येते म्हणून? … आई नाही का तिला? … अच्छा. … म्हणजे दया आली म्हणून. … ‘दया नाही’? मग काय? … बरं, दया नको म्हणू. सैल हातानं गुण दिले, असं म्हणूया. चालेल? … चालेल.

… आणि थिअरी? पाठ करते की समजून? … पाठ करते. … तिला स्वतःचं असं सुचत नाही. … हे तू म्हणतेस हं, मी नाही. … संशोधनाचं म्हणशील तर? … ‘तिच्या कुवतीबाहेरचं आहे.’ … हं. थोडं कठोर आहे गं. पण उपयोगी आहे.

बाळ, चहा निवतोय तुझा.

… नाही, तिला म्हटलं, नगरकडच्या मुलीला. बुजलीये जरा.

… करुणा, हेच दोन ओळींत लिहून पाठव मला. मेसेज चालेल. … का म्हणजे? तोंडी सांगितलेलं फाइलला लावता येत नाही. ‘सायलीचे अंतर्गत व प्रात्यक्षिकाचे गुण मी सैल हाताने दिले होते. तिची प्रत्यक्ष तयारी बेताची आहे.’ खाली तुझं नाव. बस, एवढंच. … तुला काय होणार? कोण बघतंय तुझा मेसेज? माझ्या फाइलमध्ये राहील. तो आला की मी शेरा मारते, आणि दाखला परत.

… विश्वास नाही का माझ्यावर?

… ब्युरेट? कुठली ब्युरेट? … अगं, सतरा वर्षं झाली त्याला! एम.एस्सी.च्या परीक्षेत माझी ब्युरेट फुटली आणि तू तुझी दिलीस. हो, दिलीस. तू नंतर गळकी घेऊन बसलीस, तुझं रीडिंग चुकलं आणि मी विद्यापीठात पहिली आले. दर वेळी काढायलाच हवं का ते? मी मागितली नव्हती. तू स्वतः उठून आणून दिलीस, सगळ्या हॉलसमोर. … उपकार म्हणून नाही म्हणालीस, पण सतरा वर्षं तो विषय आला नाही असा आपला एक फोन आठवतोय का तुला? मला नाही आठवत.

… जाऊ दे. दोन वाजले. लिहितेस ना?

… हो, लिही. मी थांबते.

… नाही आला अजून. … तुमच्याकडे रेंज नाही का? … खिडकीत जाऊन बघ.

ज्ञानूमामा, ते विश्वजीतचे कागद आले का बघा. … आले? मग इथंच ठेवा, या फाइलखाली.

… हां, आला. आला मेसेज. वाचते हं. ‘सायलीचे अंतर्गत व प्रात्यक्षिकाचे गुण मी सैल हाताने दिले होते. तिची प्रत्यक्ष तयारी बेताची असून संशोधनाची कुवत नाही. करुणा.’ … कुवतीचं तू स्वतःहून घातलंस. छान. अक्षर न् अक्षर स्पष्ट आहे.

… थांब, प्रिंट काढते. … प्रिंटर गरम व्हायला वेळ लागतो गं, जुना आहे. … दोन सहा. … झालं, येतंय.

आता नियम बघू. प्रवेश नियमावली, कलम नऊ. ‘आधीच्या महाविद्यालयातील अंतर्गत गुण विश्वासार्ह नसल्याचे निदर्शनास आल्यास अर्ज बाद होईल.’ निदर्शनास आले. कुणी आणले? संबंधित विषयाच्या शिक्षिकेनेच आणले. … झाला अर्ज बाद. शेरा मारला, सही केली.

… हो, झालं. थँक्यू कसलं त्यात.

… दाखला? देणार ना. दाखला परत मिळवायचा साधा अर्ज असतो, तो कार्यालयात द्यायचा. तिथून उद्या अकरानंतर मिळेल.

… उद्या. … हो, उद्या. … अगं, ओरडू नकोस, टेबलावर ठेवलाय फोन. … मी ‘लगेच’ असं कधी म्हटलं? ‘शेरा मारते आणि दाखला परत’ असं म्हटलं. परतच देतोय. जमा केलेला कागद नोंद केल्याशिवाय बाहेर जात नाही, कामकाजाचा एक दिवस लागतो. तुमच्याकडे पण तसंच असेल ना? की तिथं गठ्ठ्यात सह्या करून देतात?

… दोन दहा. हो, माहीत आहे.

… ‘मी येते’ म्हणतेस? कशानं? … स्कूटीवर? पंचावन्न किलोमीटर? आत्ता निघालीस तरी साडेतीनला इथं पोचशील, परत जाईपर्यंत पाच. आणि आलीस तरी दाखला उद्याच मिळणार. उगाच पेट्रोल जाळू नकोस.

… मला काय मिळालं? बरं विचारलंस. पंधराचे चौदा झाले. तुमचा वर्ग यंदा बंद झाला की पुढच्या वर्षी दौंडहून मला तीन मुलं शोधायला नकोत. सगळीच येतील, स्वतःहून. अर्ज ऐंशीवर जातील. … त्यातले मोजके घेऊ. … बाकीच्यांचं मी काय सांगू? नाकारू.

… आणि उरलेली जागा? भरली ना. विश्वजीत नावाचा मुलगा आहे. … एकसष्ट टक्के. … हो, आप्पासाहेबांच्या मेहुण्याचा. … तुझ्या लक्षात आलं वाटतं. त्याला घ्यायचं होतं, आणि वरती अठ्ठ्याऐंशीवाली येऊन बसली होती. आठ दिवस डोकं खात होते आप्पासाहेब. कारण हवं होतं गं एक. स्वच्छ, लेखी. तू आणून दिलंस, ब्युरेटसारखं. स्वतः उठून.

… नाही, त्यात तसलं काही नाही. जातीबितीचं काही आणू नकोस मध्ये. … तू म्हणाली नाहीस, पण मला ऐकू आलं.

… खोटं लिहिलं होतंस? … काय खोटं? … म्हणजे ती हुशारच आहे. हात थरथरत नाही. सत्तेचाळीस तिचेच आहेत. … नऊ वर्षांत अशी मुलगी पाहिली नाहीस. … करुणा, आता हे सांगून काय उपयोग? एक रीडिंग जानेवारीतलं, तुझ्या यादीतलं. एक आत्ताचं. दोन्ही तुझ्याच सहीची, आणि दोन्ही जुळत नाहीत. अशा वेळी आपण काय करतो? उपकरणावरच शंका घेतो.

… आणि तो मेसेज मागं घ्यायचं म्हणत असशील तर प्रिंट निघालीये. जपून राहा जरा. मी कुणाला दाखवणार नाही. पण ‘गुण सैल हाताने दिले’ असं शिक्षिकेनं स्वतः लिहून दिलेलं, पुढच्या मुलाखतीत कुणी समोर ठेवलं तर अवघड जाईल. … धमकी नाही. काळजीनं सांगते. आमच्याकडे दिवाळीनंतर लॅब असिस्टंटची तात्पुरती जागा निघेल. अर्ज कर की. निवड आम्ही काटेकोर करतो, पण तुझा अनुभव धरू.

… काय? … सायलीशी बोलायचंय?

बोल की. ऐकतेच आहे ती. … हो, इथंच. समोर बसलीये. … अगं, नगरकडची कुठली? तीच ही. निळा ड्रेस. … मघाशी फोन टेबलावर ठेवला ना, तेव्हापासून. स्पीकरवर आहेस तू.

… सगळं. हाताचं, पाठांतराचं, कुवतीचं. सगळं ऐकलंय तिनं.

… बोलायचं होतं ना? बोल ना.

सायली, बाळ, तुझ्या मॅडम आहेत. बोलायचंय का तुला काही? … बोल, बोल. पुढं वाकून बोल, नाहीतर ऐकू जात नाही.

…

ऐकलंस का करुणा? … नाही ऐकू आलं? फार हळू बोलते गं ही. मी सांगते. ती विचारतेय, ‘मॅडम, उद्या दहाच्या प्रॅक्टिकलला येऊ ना?’

… उत्तर दे तिला. तुझ्याकडे बघतेय… म्हणजे फोनकडे बघतेय. … उद्या प्रॅक्टिकल आहे की नाही दौंडला? तूच सांगू शकतेस ते, मला काय माहीत?

… हॅलो? … करुणा? … श्वास ऐकू येतोय तुझा. आहेस तू.

ती बघ, आली गाडी. दोन सोळा. एक मिनिट उशीर आहे. … थांबली फाटकावर. एक म्हातारी चढतेय. कोंबडी आहे वाटतं पिशवीत, कंडक्टर हुज्जत घालतोय. … घेतलं तिला. … गेली.

… आता ओरडून काय होणार? … हो, देवाला वर तोंड दाखवायचंय मला, माहीत आहे. … हो. … हो. … झालं तुझं? … बरं.

उठलीस का सायली? थांब. बसायला नको, उभ्यानंच चालेल. हे रजिस्टर आहे ना, यात आल्याची वेळ लिहिलीस तू, बारा दहा. गेल्याची राहिलीये. ती लिहून पुढं सही कर. … अगं, प्रवेश नाही मिळाला तरी करायची असते. सही नसली तर तू आलीस असं धरता येत नाही, आणि मग माझे चाळीसच होतात.

… करुणा, तू मध्ये बोलू नकोस, ती लिहितेय.

हां. … पेन उमटत नाहीये का? हे घे, दुसरं घे. … दोन वीस लिही. … वीस, एकवीस नाही. खरी वेळ लिही.

… बघ की, हात तर स्थिर आहे.

झाले एक्केचाळीस. ज्ञानूमामा, हिला फाटकापर्यंत सोडा, आणि येताना बाहेरचा बाक आत घ्या.

चल करुणा, ठेवते. डबा खाऊन घे.